वीसपट खबरदारी

आकड्यांच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बावीस वर्षं मी लिफ्ट तपासतोय. 'आठ माणसं, साडेपाचशे किलो' अशी जी पाटी तुम्ही लिफ्टमध्ये वाचता आणि दुसऱ्या क्षणी विसरता, ती खरी की खोटी हे ठरवून खाली सही करणारा माणूस मी. माझ्या सहीची लिफ्ट आजवर कुठे अडकलेली नाही. एकदा अडकली होती, पण तेव्हा आत मीच होतो, त्यामुळे ती धरायची नाही.

आता अशा माणसाला कर वाचवण्यासाठी दुसऱ्याचा सल्ला कशाला लागेल? मी कोणाला विचारलंच नाही. आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

झालं असं, की वर्ष संपत आलं असताना कंपनीचं पत्र आलं. कामावर खूश होऊन पगारात थोडी वाढ, वर साठ हजारांचा बोनस. मी पत्र दोनदा वाचलं, आनंदाने, त्यातलं एकदा बायकोला ऐकवत. तिसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीवर नजर गेली. या वर्षी तुमचं एकूण उत्पन्न आयकराच्या वरच्या दराच्या मर्यादेपलीकडे जात आहे, याची नोंद घ्यावी. किती पलीकडे, तेही लिहिलं होतं. तीन हजार.

फक्त तीन हजार! पण मी लिफ्टवाला आहे. मर्यादा ओलांडणं म्हणजे काय, हे मला नका सांगू. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये नववा माणूस शिरला की घंटा वाजते, दार लागत नाही आणि लिफ्ट जागची हलत नाही. नववा एकटा अडकत नाही, आठही जण अडकतात. मी तोच हिशोब लावला. रेषेच्या खाली शेकडा वीस कर, रेषेच्या वर शेकडा चाळीस. म्हणजे तीन हजारांनी रेषा ओलांडली, की सगळ्या पगारावर शेकडा चाळीस. एका तपासणी अहवालाच्या पाठीमागे मी गुणाकार करून पाहिला. कर दुप्पट होत होता! मला दरदरून घाम फुटला. कंपनीने मला बक्षीस म्हणून खड्ड्यात ढकललं होतं आणि वर अभिनंदनही केलं होतं.

दोन दिवस मला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी कार्यालयातल्या सूचनाफलकावर, हरवलेल्या छत्रीच्या चिठ्ठीशेजारी, एक जुना कागद दिसला. पेन्शन खात्यात पगारातून परस्पर रक्कम भरली, तर तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. मी तो कागद उभ्या उभ्या तीन वेळा वाचला. म्हणजे नवव्या माणसाला उचलून पेन्शनमध्ये बसवायचं, की लिफ्ट मोकळी! जीव भांड्यात पडला.

आता प्रश्न एवढाच होता, की किती भरायचे. कोणीही म्हणेल, तीन हजारांनी वर आहेस, तर तीन हजार भर. हे बोलणारा माणूस आमच्या धंद्यातला नाही. आम्ही लिफ्टचा दोर जेवढ्यास तेवढा कधीच घेत नाही. जो दोर शंभर किलो उचलणार, त्याला बाराशे किलो पेलता यायला हवेत. बारापट. आणि दोर तर पोलादाचा असतो, संसार थोडाच पोलादाचा आहे? म्हणून मी वीसपट धरली. तीन हजारांची वीसपट म्हणजे साठ हजार. सगळा बोनस. आकडा इतका चोख जमला, की मला तो शुभशकुनच वाटला.

मी अर्ज घेऊन पगारबाईंकडे गेलो. या आमच्या पगारविभागाच्या बाई, दिवसभर गरम पाणी पितात आणि कोणाचंही ऐकून घेत नाहीत. अर्जात खाली एक चौकट होती. यापुढची जादा कमाईही आपोआप पेन्शनमध्ये वळती करावी. आपोआप हा शब्द मला फार आवडतो. लिफ्टमध्ये जी सुरक्षा माणसावर अवलंबून असते ती कधीतरी दगा देते, आपोआप चालणारी देत नाही. मी चौकटीत बरोबरची खूण केली.

"सगळा बोनस?" पगारबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं. "नक्की ना? कारण हा अर्ज पुढच्या आर्थिक वर्षापर्यंत बदलता येत नाही."

मी म्हणालो, मला कळतंय मी काय करतोय. त्या पुढे काहीतरी सांगायला लागल्या होत्या, पण मागे आमच्याच विभागातले दोघे रांगेत उभे होते आणि माझी वाढ त्यांच्यापेक्षा जास्त आहे हे त्यांच्या कानावर जायला नको होतं. मी घाईने सही केली आणि सटकलो.

आता बोनसबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. माझी बायको शिवणकाम करते. अकरा वर्षं आमच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे, आणि अकरा वर्षं ती म्हणते आहे, की रस्त्यावर एक छोटंसं दुकान हवं. लोक घरात कपडे द्यायला येतात, चपला कुठे काढू विचारतात, आणि मी बनियनवर आतल्या खोलीत पळतो. दरवर्षी बोनस आला की मी म्हणायचो, या वर्षी तुझं दुकान. पण दुकान काही मिळायचं नाही आणि बोनस कधी फ्रिजवर, कधी छताच्या गळतीवर जायचा. दुकान म्हणजे आमच्याकडे 'पुढच्या वर्षी'चं दुसरं नाव झालं होतं. त्यामुळे अर्जावर सही करताना ते माझ्या मनात आलंच नाही. खोटं कशाला बोलू, आलं होतं. पण पुढच्या वर्षी बघू, असं मी स्वतःलाही सांगून टाकलं.

त्याच संध्याकाळी मी मोठ्या रुबाबात घरी गेलो. कर कसा वाचवला, हे जेवताना सविस्तर सांगायचं ठरवलं होतं. दार उघडलं, तर बायको हसत होती. ती फारशी हसत नाही, कारण तिच्या तोंडात सहसा टाचण्या असतात.

"दुकान मिळालं," ती म्हणाली.

कोपऱ्यावरचे चष्मेवाले काका दुकान बंद करून मुलीकडे राहायला जाणार होते. तीन भिंतींना आरसे, पुढे काच, आत दिवे. शिवणकामाला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस आधीच विचारून गेला होता, पण अकरा वर्षं काकांच्या पँटा हिनेच आखूड केल्या होत्या, म्हणून काकांनी हिच्यासाठी जागा धरून ठेवली. फक्त अनामत रक्कम दोन महिन्यांनी, तीस तारखेच्या आत द्यायची. नाही दिली, तर जागा कव्हरवाल्याला.

"किती?" मी विचारलं.

"साठ हजार. तुमचा बोनस बरोब्बर तेवढाच आहे ना? मी म्हटलं काकांना, काळजीच नको."

मी छान म्हणालो. मग परत एकदा छान म्हणालो. तिने ताट वाढलं आणि त्या आरशांपुढे कुठे काय ठेवणार ते सांगत राहिली. मी जेवलो असेन, कारण ताट नंतर रिकामं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घ्यायला गेलो. पगारबाईंनी गरम पाण्याचा घोट घेतला आणि पुढचं आर्थिक वर्ष कधी सुरू होतं ते सांगितलं. मी गयावया केली. त्यांनी ती तारीख पुन्हा सांगितली.

मग मी शांत डोक्याने विचार केला. म्हणजे डोकं शांत नव्हतं, पण विचार केला. अडीअडचणीसाठी माझ्या खात्यात अठ्ठावीस हजार पडून होते. राहिले बत्तीस. तीस तारखेपर्यंत आठ साप्ताहिक सुट्ट्या येत होत्या आणि सुट्टीच्या दिवशी तपासणीला गेलं की चार हजार जादा मिळतात. आठ चोक बत्तीस! हाही आकडा चोख जमला. चोख जमणाऱ्या आकड्यांचा धसका तेव्हाच घ्यायला हवा होता.

मी बायकोला सांगितलं, की सध्या तपासणीचं काम फार साचलंय. आणि लागलो कामाला. आमच्या कामात दोघं लागतात, एक वर आणि एक खाली, म्हणून माझ्याबरोबर पानाही आला. पाना म्हणजे माझा जोडीदार. त्याच्या खिशात कायम पाना असतो, लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे. आठवड्याचे सातही दिवस काम करून मी इतका वाकलो, की लिफ्टच्या शाफ्टमधून बाहेर येताना एक आजीबाई मला हात द्यायला पुढे झाल्या.

इकडे घरात दुकान आकार घेत होतं. आधी मोजमापाची टेप घेऊन ती काकांच्या दुकानात जाऊन आली. मग नावाचे छोटे कार्ड छापून आले, पाचशे. मग एके दिवशी घरी आलो तर पुढच्या खोलीत एक बिनडोक्याची बाई उभी. मी दचकून ओरडलोच. तो कपडे अडकवायचा पुतळा होता, जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेला. मशीन आणि खिडकी यांच्यामध्ये त्याला उभं केलं होतं. मी येता-जाता त्याला धडकायचो आणि दर वेळी सॉरी म्हणायचो. मला वाटायचं, याला सगळं ठाऊक आहे.

मला सांगून टाकायचं होतं. रोज सकाळी ठरवायचो, की आज सांगायचं. पण सकाळी ती घाईत असायची, दुपारी मी नसायचो आणि संध्याकाळी ती आनंदात असायची. आनंदात असलेल्या माणसाला असलं काही सांगायला जे काळीज लागतं, ते माझ्याकडे नाही. नव्वद मीटर खोल शाफ्टमध्ये मी शीळ घालत उतरतो, आणि घरात दोन वाक्यं बोलायची वेळ आली की पुतळ्याला सॉरी म्हणून आतल्या खोलीत सटकत होतो.

त्यात पानाने घात केला. तो पँट आखूड करून घ्यायला घरी आला आणि माप देता देता म्हणाला, वहिनी, तुमच्या दुकानासाठी हा माणूस एक सुट्टी घेत नाहीये, कोणाला सांगू नको म्हणालाय. मी त्याला खरोखरच तसं सांगितलं होतं. तो सुट्ट्या खराब होतात म्हणून कुरकुरायला लागला, तेव्हा काहीतरी कारण द्यायचं म्हणून.

त्या संध्याकाळी ती गरम पाण्याची पिशवी घेऊन आली आणि माझ्या पाठीला लावून बसली.

मग म्हणाली, "मला वाटायचं, दुकानाचं वेड मला एकटीलाच आहे. तुम्ही आपलं हो ला हो करता. मनातल्या मनात बोलले असेन मी तुम्हाला. चुकलं माझं."

मला इतकं कानकोंडं झालं, की काय सांगू. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं आणि म्हणालो, पिशवी जरा डावीकडे घे.

असो. आठवी सुट्टीही गेली. जादा कामाचे पैसे दोन महिन्यांनी एकदम मिळतात, ते पंचवीस तारखेच्या पगारात येणार होते. पंचवीस तारखेला मी जिन्यातच पगाराची चिठ्ठी उघडली. जादा कामाचे बत्तीस हजार, हे छापलेलं होतं. त्याच्या पुढच्याच रकान्यात, पेन्शनमध्ये वळते बत्तीस हजार, हेही छापलेलं होतं. हातात यायची रक्कम नेहमीचीच, वर एक छदामही नाही.

धावत पगारबाईंकडे गेलो. त्यांनी माझा अर्ज काढला आणि त्या चौकटीवर बोट ठेवलं. आपोआप. खूण ठळक होती, मी पेन दोनदा फिरवलं होतं.

आता माझ्याकडे अठ्ठावीस हजार होते आणि पाच दिवस. घरी पोचलो तर दुसरंच संकट. पेन्शन कंपनीचं पत्र आलं होतं, आणि ते माझ्या नाही, बायकोच्या नावाने. तुम्हाला वारस म्हणून नेमण्यात आलं आहे, तरी महिनाअखेरीच्या आत खातेदारासह समक्ष येऊन सही करावी. रक्कम लिहिलेली नव्हती, हे नशीब. तिने दोनदा वाचलं आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुमची तब्येत ठीक आहे ना?"

मी म्हणालो, ठणठणीत आहे, कंपनी सगळ्यांचंच करते, नुसता उपचार असतो. मनात म्हटलं, बरंच झालं, तिथे गेलो की पैसे परत मागू. तिला खुर्चीवर बसवायचं आणि आपण खिडकीवर हळू आवाजात बोलायचं. साधी योजना होती.

सत्तावीस तारखेला आम्ही गेलो. गुळगुळीत फरशी, कुंडीत खोटं झाड, भिंतीवर म्हाताऱ्या जोडप्याचा हसरा फोटो. काउंटरमागे टाय लावलेला एक तरुण मुलगा होता, इतका उत्साही की मला त्याची भीती वाटली. मी तिला खुर्चीकडे नेत होतो, तेवढ्यात त्याने दोघांनाही हाक मारून समोर बसवलं आणि संगणकाचा पडदा सरळ तिच्याकडे वळवला.

"अभिनंदन, मॅडम. फार दूरदृष्टीचे आहेत साहेब. दोन महिन्यांत ब्याण्णव हजार."

तिने पडद्याकडे पाहिलं. साठ हजार एका ओळीत होते, बत्तीस हजार खालच्या ओळीत. तिला बेरजा करायची सवय आहे, दिवसभर मापंच जुळवते. ती माझ्याकडे वळली नाही. तिने त्या मुलालाच विचारलं, की हे पैसे बाहेर कसे काढायचे.

मुलाला हा प्रश्न रोजचाच असावा. तो आनंदाने म्हणाला, "दोनच प्रकारे, मॅडम. एक तर साहेबांना साठ पूर्ण झाली की. म्हणजे अजून तेरा वर्षांनी."

"आणि दुसरा?"

"दुसरा म्हणजे... साहेबांचं काही बरंवाईट झालं, तर. मग सगळी रक्कम तुम्हाला."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, कोटाचं माप घेताना पाहते तसं.

"त्या दुसऱ्या प्रकारात किती दिवस लागतात?"

"कागदपत्रं पूर्ण असतील तर दहा दिवस."

"मग तीस तारखेला नाही जमत," ती म्हणाली, आणि सही करायला पेन मागून घेतलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी एकदम सगळं बोलून टाकलं. रेषा, घंटा, नववा माणूस, दुप्पट होणारा कर, वीसपट खबरदारी, सगळं. मी हे केलं नसतं, तर आपण आज कुठे असतो, असा प्रश्नही विचारला. मला वाटलं होतं, मुलगा तरी माझी बाजू घेईल. तो टायची गाठ चाचपत बसला.

शेवटी तो चाचरत म्हणाला, "साहेब, वरचा दर सगळ्या पगारावर नाही लागत. रेषेच्या वर जेवढे आहेत, तेवढ्यांवरच लागतो."

मी म्हणालो, असं कसं? घंटा वाजली की आठही जण अडकतात.

मुलाने कागद घेतला, चौकोन काढले, बाण काढले. मला काही कळेना, किंवा कळत होतं आणि नको होतं. मग बायकोच बोलली. आवाज अजिबात चढला नव्हता.

"पँट दोन इंच लांब झाली, तर मी दोन इंचच दुमडते. गुडघ्यापासून कापत नाही."

मुलगा म्हणाला, अगदी बरोबर, मॅडम. आणि पुढच्या कागदावर लिहून घेतलं. तो म्हणे हे वाक्य पुढच्या ग्राहकांना सांगणार होता.

मी अगदी बारीक आवाजात विचारलं, की काहीच केलं नसतं, तर रेषा ओलांडल्याचा मला नेमका किती भुर्दंड पडला असता. त्याने यंत्रावर बोटं चालवली. तीन हजारांवर वीसऐवजी चाळीस टक्के. सहाशे. बाकीच्या पैशांवरचा नेहमीचा कर वाचलाय, तो काही वाया गेलेला नाही, असं त्याने मला धीर द्यायला सांगितलं. फक्त तोही आतच आहे, तेरा वर्षं.

सहाशे! सहाशेच्या भीतीने मी ब्याण्णव हजार कुलूपबंद केले होते आणि आठ सुट्ट्या शाफ्टमध्ये घालवल्या होत्या.

परत येताना ती दोन पावलं पुढे चालत होती. मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, पैसे गेल्याचं नाही वाईट वाटत, पैसे कुठे गेलेले नाहीत. वाईट याचं वाटतं, की दोन महिने मी पाचशे कार्डं छापत होते, पुतळे आणत होते, आणि तुम्ही बघत होतात. त्या दिवशी पाठ शेकताना मी चुकलं म्हणाले, तेव्हासुद्धा तुम्ही पिशवी डावीकडे घ्यायला सांगितलीत. मी तिच्या हातातले कागद घ्यायला हात पुढे केला, तिने ते दुसऱ्या हातात घेतले.

कोपऱ्यावर आल्यावर ती घराकडे न वळता सरळ चष्मेवाल्या काकांच्या दुकानात शिरली. आत मोबाइल कव्हरवाला उभा होता, हातात मोजायची टेप घेऊन! तीन भिंतींच्या आरशांत मला तीन कव्हरवाले दिसले आणि मध्ये मान खाली घातलेला मी, तोही तीनदा. बायकोने काहीही लपवलं नाही. नवऱ्याने कर वाचवायला सगळे पैसे पेन्शनमध्ये घातले, ते साठीशिवाय निघत नाहीत, आत्ता अठ्ठावीस हजार आहेत, बाकीचे दर महिन्याला चार हजार देईन, असं एका दमात सांगून ती थांबली. मग तिने पर्समधून नावाचं एक कार्ड काढलं आणि काकांपुढे ठेवलं. पाचशेतलं ते पहिलंच कार्ड बाहेर पडत होतं. त्या क्षणी मला पेन्शनचा, कराचा आणि स्वतःचा मनापासून राग आला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग आरशातल्या माझ्याकडे पाहिलं, बहुधा खात्री करून घ्यायला.

"अकरा वर्षांत तू माझी एक पँट उशिरा दिली नाहीस," ते तिला म्हणाले. "चार हजार महिना चालेल. फक्त करारावर सही तुझी एकटीची. यांची नको."

कव्हरवाल्याने टेप गुंडाळली. मी यांची नको हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. दुकान झकास चाललंय. आठ महिन्यांत अनामत फिटली. मी सुट्टीच्या दिवशी तिथे बसून बटणं लावतो, कारण जादा काम केलं तरी पैसे कुठे जातील याची धास्ती अजून गेलेली नाही. पेन्शनचा नवा अर्ज आता बायको भरते, मी फक्त सही करतो. पगारबाई म्हणतात, अक्षर सुधारलंय तुमचं. गेल्या वर्षी तिला एका मोठ्या इस्पितळाच्या गणवेशांचं काम मिळालं आणि दुकानात आणखी दोन मशीनं आली.

मागच्या आठवड्यात ती दुकानात कागद पसरून बसली होती. हिशोब झाल्यावर तिने मान वर केली आणि म्हणाली, की या वर्षी ती वरच्या दरात जातेय. एक्केचाळीस हजारांनी.

मी बटणांची डबी बाजूला ठेवली. खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला. तसं पाहिलं तर या विषयात आमच्या घरात अनुभव असा मलाच आहे.

"हे बघ," मी म्हणालो, "घाबरायचं काही कारण नाही. आधी आपण..."

"तुम्हाला नाही विचारत," ती म्हणाली. "त्या टायवाल्या मुलाचा नंबर तेवढा शोधून द्या."

मी शोधून दिला. पाच मिनिटांत त्यांचं बोलणं झालं. तिने स्वतःच्या पेन्शनचा अर्ज काढला आणि रकमेच्या रकान्यात लिहिलं, एक्केचाळीस हजार. मी वाकून पाहिलं. न राहवून म्हणालो, की अगदीच जेवढ्यास तेवढं आहे, जरा खबरदारी म्हणून थोडे वर धरले असते तर.

तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी बटणं लावायला घेतली.